‘आपली’ न म्हणता

आमच्या कॉलेजला स्वतःचा एक छोटा रेडिओ होता. गच्चीवर मनोरा, दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या शेजारी एक खोली आणि त्या खोलीच्या भिंतींना आतून चिकटवलेला जुन्या गाद्यांचा फोम. गोंदिया शहरात तो स्वच्छ ऐकू यायचा. शहराबाहेर पडलं की खरखर सुरू व्हायची आणि आमच्या गावी, कामठ्यात तर मोबाईलला इयरफोन लावून गच्चीच्या एका ठरावीक कोपऱ्यात उभं राहिलं तरच आवाज लागायचा. शेतीचा सल्ला, आरोग्याच्या गोष्टी, मुलामुलींची गाणी असं त्यावर चालायचं. बातम्या द्यायला परवानगी नव्हती, सामन्यांचं वर्णन करायला होती. त्यामुळे हिवाळ्यात कॉलेजा-कॉलेजांमधल्या कबड्डीच्या स्पर्धा आल्या की रेडिओला काहीतरी जिवंत काम मिळायचं.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मुलींच्या सामन्यांना निवेदक मिळत नव्हता, कारण ज्यांना माईकवर बोलायची हौस होती त्यांना खेळ कळत नव्हता आणि ज्यांना खेळ कळत होता त्या मैदानात होत्या. मी शाळेत असताना थोडी कबड्डी खेळले होते. तेवढ्यावर मला घेतलं. माझ्या जोडीला शहरातला एक मुलगा होता. त्याच्या घरी दुकान होतं आणि घरात सगळे हिंदी बोलायचे. तो काही वेळ हिंदीत बोलायचा, मग माईक माझ्याकडे सरकवायचा आणि मी मराठीत बोलायचे. गोंदियात हे कोणाला वेगळं वाटत नाही. दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात लोक असेच बोलतात.

रेडिओ बघणारे सर मराठी शिकवायचे. ते अमरावतीकडचे. रेडिओचं काम दुसऱ्या कोणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून त्यांच्याकडे आलं, असं ते स्वतःच सांगत. पण एकदा आल्यावर त्यांनी ते मनावर घेतलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा दोघांना आदल्या वर्षीचं एक रेकॉर्डिंग ऐकवलं. कोणीतरी मुलगा जीव तोडून ओरडत होता. सर दर थोड्या वेळानं ते थांबवत आणि विचारत, काय ऐकलं? आम्ही म्हणायचो, चढाई झाली, गुण मिळाला. ते म्हणायचे, तसं नाही, शब्द सांगा. मग पुन्हा मागे नेत. “आपल्या मुलींनी” असं तो मुलगा म्हणाला होता. “दुर्दैवानं गुण गेला” असंही म्हणाला होता. सरांनी विचारलं, दुर्दैव कोणाचं? समोरच्या कॉलेजचं तर सुदैव झालं ना?

त्यांचं म्हणणं साधं होतं. रेडिओ कॉलेजचा असला तरी ऐकणारा कोणीही असू शकतो. समोरच्या संघातल्या मुलीचा भाऊ शहरात कामाला असेल, तोही ऐकत असेल. त्याला आपण परक्याच्या अंगणात उभे आहोत असं वाटता कामा नये. म्हणून ‘आपली’, ‘आपल्या’, ‘आपण’ हे शब्द बंद. ‘फक्त’ बंद, कारण ‘फक्त दोन गुणांनी मागे’ म्हटलं की बोलणारा कोणाच्या बाजूला उभा आहे ते कळतं. ‘अखेर गुण मिळाला’ मधला ‘अखेर’ही बंद, कारण अखेर म्हणणारा वाट बघत असतो. ‘बिचारी’ तर नाहीच. माझ्या जोडीदारानं विचारलं, मग सर, बोलायचं काय? सर म्हणाले, जे झालं ते.

ऐकायला सोपं वाटलं, पण करायला गेल्यावर कळलं की जे झालं त्यालाही दोन बाजूंनी सांगता येतं. एका संघानं गुण मिळवला म्हणावं की दुसऱ्यानं गमावला म्हणावं? पकड चांगली झाली की चढाई फसली? आम्ही यावर खूप वाद घातले. शेवटी सरांनी तोडगा काढला की वाक्य ज्या संघानं हालचाल केली त्याच्यापासून सुरू करायचं, मग तो संघ कोणताही असो. चढाई करणारी निसटली तर ‘ती निसटली’, पकडणारीनं धरलं तर ‘तिनं धरलं’.

मी बसमध्ये सराव करायचे. कामठ्याहून कॉलेजला येताना शेजारी माझी मैत्रीण बसलेली असायची आणि मी तिला हळू आवाजात बसमध्ये काय चाललंय त्याचं वर्णन ऐकवायचे. कंडक्टर आणि एखादी बाई यांचं सुट्या पैशांवरून भांडण लागलं की मी तेही निःपक्षपातीपणे सांगायचे. मैत्रीण खिडकीकडे तोंड करून हसायची.

ही मैत्रीण आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघात होती. डाव्या कोपऱ्यात उभी राहायची आणि चढाई करणारीचा घोटा धरायची. तिचा हात एकदा बसला की सुटत नसे. आम्ही एकाच गावच्या, एकाच शाळेत शिकलेल्या, तरी मैत्री झाली ती कॉलेजच्या बसमध्येच. गावात तिचं घर बुद्धविहाराच्या बाजूला, आमचं पोवारांच्या मोहल्ल्यात. तिचे वडील शहरातल्या एका राईस मिलमध्ये पोती उचलायला जायचे. धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवसांत तिची आई बायकांच्या गटाबरोबर आमच्याही बांधीत, म्हणजे शेतात, यायची. गावात आम्ही दोघी एकमेकींच्या घरी फारशा गेलो नव्हतो. असं का, ते कोणी कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

पहिल्या सामन्यानंतर सरांनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, कुठेतरी ‘आपली’ निघून गेलं असणार. पण तसं नव्हतं. सरांनी रेकॉर्डिंग लावलं. माझाच आवाज होता. समोरच्या संघाची मुलगी चढाईला आली तेव्हा मी म्हणत होते, “ती मध्यरेषेकडे धावत आहे.” थोड्या वेळानं आमच्या कॉलेजची मुलगी चढाईला गेली तेव्हा मी म्हणत होते, “ती मध्यरेषेकडे धावून राहिली.” सरांनी पुढचं ऐकवलं. पुन्हा तेच. परक्या मुली ‘वळत होत्या’, ‘बघत होत्या’. आमच्या मुली ‘वळून राहिल्या होत्या’, ‘पाहून राहिल्या होत्या’. सगळा सामनाभर असंच. माझं मला काहीच कळलं नव्हतं.

सर रागावले नाहीत. त्यांना ते गमतीचं वाटलं होतं. ते म्हणाले, “तू ‘आपली’ म्हणाली नाहीस, पण क्रियापदानं सांगितलंस. आता दोन्हीकडे पुस्तकातलं बोल, नाहीतर दोन्हीकडे घरचं बोल. मला दोन्ही चालेल.” मी पुस्तकातलं बोलून बघितलं. ते दम लागल्यासारखं व्हायचं, कारण खेळ वेगात आला की माझी जीभ आपोआप गावाकडे वळायची. मग मी दोन्हीकडे ‘राहिली’ वापरायचं ठरवलं. शहरातल्या काही लोकांना ते गावंढळ वाटलं. प्राध्यापकांच्या खोलीत कोणीतरी तसं म्हणालंही. सरांनी ते माझ्यापर्यंत पोचवलं आणि वर सांगितलं की लक्ष देऊ नको.

दुसरा प्रश्न नावांचा होता. सरांचा आणखी एक नियम होता की खेळाडूंची नावं घ्यायची नाहीत, फक्त पाठीवरचा नंबर सांगायचा. आदल्या वर्षी पूर्ण नावं घेतली होती. आमच्याकडे आडनाव ऐकलं की माणूस कोणत्या मोहल्ल्यातला, कोणत्या समाजाचा ते लोकांना लगेच कळतं. मैदानावर मोबाईल कानाशी धरून बसलेले काही लोक मग त्याप्रमाणे टाळ्या वाजवू लागले होते. सर हे उघड बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की आडनाव आलं की लोक खेळ ऐकायचं सोडून देतात.

एका संध्याकाळी कामठ्याच्या थांब्यावर उतरले तर मैत्रिणीची आई उभी होती. लेकीला घ्यायला आली नव्हती, कुठूनतरी परतत होती. तिनं मला थांबवलं. त्या दिवशी सामना होता आणि तिनं शेजारच्या घराच्या गच्चीवर चढून तो ऐकला होता.

“बाई, तू सात नंबर, सात नंबर म्हणून राहिली होती,” ती म्हणाली. “ते माही पोरगीच होय ना? मंग नाव काऊन नाही घेत?”

मी तिला नियम सांगितला. नाव घेतलं की लोक बाजू घेतात, म्हणून सगळ्यांनाच नंबर. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की गच्चीवर तिच्याबरोबर आणखी बाया होत्या, त्यांच्यातल्या कोणालाच सात नंबर म्हणजे हिचीच पोरगी हे खरं वाटेना. मैत्रीण बाजूला उभी होती. ती आईला म्हणाली, चल ना, अंधार पडून राहिला. पण तिलाही आईचं म्हणणं पटलं असावं असं मला वाटलं.

मी हे सरांना सांगितलं. नियम करताना त्यांनी मैदानावरच्या लोकांचा विचार केला होता, गच्चीवरच्या आईचा केला नव्हता. दोन दिवसांनी त्यांनी सांगितलं की यापुढे पहिलं नाव घ्यायचं, दोन्ही संघांचं घ्यायचं, आडनाव कोणाचंच नाही. पुढच्या सामन्यात मी मैत्रिणीचं नाव पहिल्यांदा रेडिओवर घेतलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिनं सांगितलं की आईनं रात्री मटण केलं होतं.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. समोर नवेगाव बांधकडचं एक कॉलेज होतं. त्या मुली उंचीनं लहान पण फार चपळ होत्या. त्यांच्या गावातले लोक दोन पिकअप गाड्या भरून आले होते. आमच्या प्राचार्यांना कोणीतरी सुचवलं की रेडिओचा आवाज मैदानावरच्या भोंग्यांनाही जोडावा, म्हणजे जमलेल्यांनाही वर्णन ऐकू येईल. सरांना ते फारसं आवडलं नव्हतं. ते म्हणाले की रेडिओवर बोलणं आणि खेळणाऱ्यांच्या कानात बोलणं यात फरक आहे. पण तोवर तारा जोडून झाल्या होत्या.

मंडपाखाली आमचं टेबल होतं. मैदान अगदी समोर, डावा कोपरा आमच्या बाजूला. मी दोन्ही संघांसाठी ‘राहिली’ म्हणत होते आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नवेगाव बांधकडचे लोक सुरुवातीला भोंग्याकडे संशयानं बघत होते, पण हळूहळू ते वर्णनाबरोबर माना डोलवू लागले. ती त्यांचीही बोली होती. जोडीदारानं हिंदीत बोलताना एकदा ‘हमारी’ म्हणून टाकलं आणि लगेच जीभ चावली. बाकी आम्ही दोघांनीही बरं निभावलं.

शेवट जवळ आला तेव्हा आमचं कॉलेज एका गुणानं पुढे होतं आणि चढाई त्यांची होती. त्यांची कप्तान आली. ती उजवीकडे गेल्यासारखं करून एकदम डाव्या कोपऱ्याकडे वळली. माझ्या मैत्रिणीनं घोट्यासाठी हात टाकला, पण क्षणभर उशीर झाला आणि तिनं हात मागे घेतला. मागे घेताना त्या मुलीच्या पायाचा अंगठा तिच्या मनगटाला घासून गेला. मला ते स्पष्ट दिसलं. कप्तान मध्यरेषा ओलांडून परत गेली आणि तिनं हात वर केला, म्हणजे स्पर्श झाल्याचं सांगितलं. त्या बाजूच्या पंचांच्या आणि कोपऱ्याच्या मध्ये आमचीच दुसरी एक खेळाडू आली होती. त्या पंचांनी नकारार्थी मान हलवली. मुख्य पंचांनी गुण दिला नाही.

माईक माझ्याकडे होता. मी कप्तानचं नाव घेतलं आणि माझ्या मैत्रिणीचं नाव घेतलं. म्हणाले, “तिच्या पायाचा स्पर्श हिच्या मनगटाला झालेला मला दिसला. पंचांनी गुण दिलेला नाही.”

ते वाक्य भोंग्यांतून मैदानभर गेलं. मी माझाच आवाज समोरच्या इमारतीवर आपटून परत येताना ऐकला. नवेगाव बांधकडचे लोक उठून उभे राहिले. त्यांच्या शिक्षिका मुख्य पंचांकडे गेल्या आणि भोंग्याकडे हात करून काही बोलू लागल्या. मुख्य पंच वयस्कर होते. त्यांनी आमच्या टेबलाकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “निकाल मी देतो. रेडिओ नाही देत.”

मग सगळे माझ्या मैत्रिणीकडे बघू लागले. कबड्डीत कधी कधी खेळाडू स्वतःहून हात वर करून बाहेर जातो. ती कोपऱ्यात उभी होती, हात कमरेवर. तिनं जमिनीकडे पाहिलं. मग गुडघ्यात वाकून पुन्हा पवित्र्यात उभी राहिली. खेळ पुढे सुरू झाला, उरलेला वेळ संपला आणि आमचं कॉलेज एका गुणानं जिंकलं. मी तसं सांगितलं. दोन्ही संघांची नावं घेतली, गुण सांगितले आणि माईक बंद केला. आमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. ती त्यांच्यात होती, पण टेबलाकडे वळली नाही. त्या दिवशी ती संघाबरोबर कोणाच्या तरी गाडीनं गावाकडे गेली. मी बसनं गेले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सरांना आणि मला बोलावलं. ते फार चिडलेले नव्हते, दुखावलेले होते. कॉलेजचा रेडिओ, कॉलेजचं मैदान, कॉलेजची मुलगी आणि कॉलेजच्याच विजयावर डाग, असं काहीतरी ते म्हणाले. सरांनी विचारलं की ती खोटं बोलली का. प्राचार्य म्हणाले, प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही, शिस्तीचा आहे. मग असं ठरलं की यापुढे निवेदकानं फक्त पंचांचा निकाल सांगायचा, स्वतःला काय दिसलं ते नाही. उरलेल्या वर्षासाठी मला सामन्यांवरून काढून आरोग्याच्या कार्यक्रमावर टाकलं.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात सर थांबले. मला वाटलं, ते मला धीर देतील. पण ते स्वतःच विचारात होते. म्हणाले, “तुझं वाक्य मी पुन्हा ऐकलं. त्यात एकही शब्द मला काढता येत नाही. तरी प्राचार्य अगदीच चुकीचं बोलले असंही मला म्हणता येत नाही. आपल्याला दिसलं ते सांगायचं, की पंचाला दिसलं ते, याचा मी विचारच केलेला नव्हता.” एवढं बोलून ते तासाला गेले. त्यांचं ते प्रामाणिकपणे अडणं मला धीर देण्यापेक्षा बरं वाटलं.

गावात गोष्ट वेगळ्याच वाटेनं गेली. गच्चीवर सामना ऐकणाऱ्या बायांनी नाव ऐकलं होतं आणि नंतर आलेलं वाक्यही ऐकलं होतं. विहाराच्या बाजूला लोक म्हणू लागले की मालकाच्या पोरीनं आपल्या पोरीला भरमैदानात चोर केलं. आमच्या मोहल्ल्यात काही जण उलट मला शाबासकी देऊ लागले. ती ऐकताना मला जास्त अवघड व्हायचं, कारण त्यात कबड्डीचा काही संबंध नव्हता. जेवताना बाबांनी सरळ विचारलं. आमच्या घरी पोवारी बोलतात, पण कोणतीही गंभीर गोष्ट असली की बाबा मराठीवर येतात. ती दुसऱ्या कोणाची मुलगी असती तरी तू हेच बोलली असतीस का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं की नाही ते मला कळलं नाही. सरांनी एकेक शब्द गाळून दिला होता. बोलणारी कोणाच्या घरातली आहे, हे कुठल्याच वाक्यातून गाळता येत नव्हतं.

मैत्रीण बसमध्ये आता मागे बसायची, संघातल्या दुसऱ्या मुलीबरोबर. भांडण झालं नाही. समोर आली तर ती मान हलवायची, मीही हलवायचे. तिची आई त्या वर्षीही रोवणीला आमच्या बांधीत आली. माझी आई तिच्यासाठी चहा घेऊन जाई तेव्हा मी घरातच असायचे.

पावसाळा संपता संपता एकदा बस वाटेत बंद पडली. सगळे उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ती माझ्याजवळ आली. हवापाण्याचं काही बोलणं नाही, काही नाही. सरळ विषयाला हात घातला.

“मले पाय लागला होता,” ती म्हणाली. “मले मालूम होतं. मी हात वर करणारच होती. तेवढ्यात तू बोलली.”

बंद पडलेल्या बसकडे बघत ती पुढे बोलत राहिली.

“मंग मी बाहेर गेली असती, तर सगळे काय म्हणले असते? रेडिओनं पकडलं म्हणून गेली. मी सोताहून गेली असं कोणी म्हणलं असतं का? म्हणून नाही गेली.”

मी विचारलं, खरंच हात वर करणार होतीस? तिला या प्रश्नाचा राग आला नाही. ती म्हणाली की तिला तसं वाटतं, पण आता ते कोणालाच सांगता येणार नाही, तिला स्वतःलाही नाही. मग तिनं विचारलं की तुला बोलताना माझी काळजी वाटली नाही का. मी म्हटलं, बोलताना काहीच वाटलं नाही. दिसलं आणि बोलले. वाटलं ते नंतर. तिनं हे ऐकलं आणि “हव” एवढंच म्हणाली. आमच्याकडे ‘हव’ म्हणजे हो, पण त्यात पटलं, कळलं आणि जाऊ दे हे सगळंच येतं. दुसरी बस आली तेव्हा जागा एकच होती. ती तिनं मला दिली आणि स्वतः उभी राहिली. मध्येच मी उठले आणि तिला बसवलं.

पुढच्या हिवाळ्यात तिचा गुडघा दुखावला. सरावात पाय वळला आणि डॉक्टरांनी त्या वर्षी खेळायचं नाही असं सांगितलं. त्याच सुमारास माझा हिंदी बोलणारा जोडीदार शिकायला नागपूरला गेला. प्राचार्यही बदलून गेले होते. नव्या प्राचार्यांना जुनं प्रकरण माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यात रस नव्हता. सरांनी मला परत सामन्यांवर घेतलं आणि जोडीला कोण हवं ते विचारलं. मी तिचं नाव सांगितलं. सर म्हणाले, ती येईल का ते तूच विचार. मी विचारलं. ती म्हणाली, घरी बसून काय करू.

तिला निवेदन शिकवताना सरांची दमछाक झाली. मला त्यांनी ‘आपली’ सोडायला शिकवलं होतं. तिच्या तोंडी ‘आपली’ नव्हतंच. संघाबद्दल तिला माया होती, पण ती माया चुका दिसल्यावर गप्प बसणारी नव्हती. आमच्या कॉलेजची एक मुलगी सोप्या चढाईत बाद झाली तेव्हा ती माईकवर म्हणाली, “झोपून राहिली होती काय तिथं?” सरांनी हातानं खूण करून थांबवलं. थोड्या वेळानं समोरच्या संघातल्या मुलीनं मध्यरेषेच्या अलीकडेच दम सोडला, तर ही तिलाही तेच म्हणाली. सामना संपल्यावर सरांनी तिला समजावलं की निवेदकानं रागवायचं नसतं. ती म्हणाली, दोघींनाही रागावली ना.

पंचांचाच निकाल सांगायचा हा नियम अजून होता. आम्ही तो पाळायचो. पण ती खेळलेली असल्यामुळे एखादा गुण का मिळाला आणि का नाही हे ती इतकं नीट उलगडून सांगायची की ऐकणाऱ्याला आपसूक कळायचं. एकदा एका स्पर्शाबद्दल मी निकाल सांगितला आणि माईक बंद करून तिला विचारलं, लागला होता का? ती म्हणाली, नाही. मला वाटत होतं, लागला होता. आम्ही दोघी शेजारी बसलो होतो, एकाच जागेवरून बघत होतो. आम्ही त्यावर जेवणाच्या सुट्टीभर वाद घातला आणि एकमेकींना पटवू शकलो नाही.

लोकांना ती माझ्यापेक्षा जास्त आवडली. हे मला सरांनी सांगितलं आणि मला ते आधीच कळलं होतं. बाजारात लोक तिचा आवाज ओळखायचे. गच्चीवरच्या बायाही पुन्हा ऐकू लागल्या. तिच्या आईनं एकदा मला वाटेत गाठून सांगितलं की तू जरा कमी बोल, तिले बोलू दे. मी तसं करायचा प्रयत्न केला.

आता ती दरेकशाकडे एका निवासी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. गुडघा अजून थंडीत दुखतो म्हणते. सर निवृत्त होऊन अमरावतीला गेले. मी गोंदियातच एका पतसंस्थेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी कधीमधी रेडिओच्या खोलीत जाते. नवीन मुलं आता मोबाईलवर आधी सगळं लिहून घेऊन वाचतात. वाचतात छान, पण सामना लिहून कसा घेणार, म्हणून सामन्यांच्या वेळी ती अडतात. मागच्या महिन्यात एका मुलीनं मला विचारलं की मॅडम, समोरच्या संघाला ‘प्रतिस्पर्धी’ म्हटलं तर चालेल का? मी म्हटलं, कोणाचे प्रतिस्पर्धी? ती जरा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली की त्यांच्या कॉलेजचं नावच घेते, आणि खाली मैदानाकडे निघून गेली.